इंटरव्हलनंतरचं तू सांग

४ फेब्रुवारी

बुटके,

हाक वाचून नाक मुरडलंस ना? मुरड. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस त्यालाही आता जमाना झाला, पण माझ्या तोंडात तेच बसलंय आणि ते आता निघायचं नाही.

फोनवर तू येत नाहीस म्हणून हे पत्र. फोन केला की तुझा नवरा उचलतो आणि स्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तशा खणखणीत आवाजात म्हणतो, "ती अंघोळीला गेली आहे." मागच्या आठवड्यात तू सकाळी अंघोळीला होतीस, दुपारी होतीस आणि संध्याकाळीही होतीस. अशाने सर्दी होईल. पत्राचं बरं असतं, त्याला अंघोळीची सबब चालत नाही. फाडून टाकशील म्हणावं, तर लिहिलेला कागद तुझ्याने फाडवत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

आणि हो, मी त्यांना मनातल्या मनात अजून भोंगाच म्हणते. आयुष्यभर बस स्टँडवर माईकसमोर बसून गाड्यांची नावं पुकारलेला माणूस घरातही पुकारतच बोलणार, त्याला कोण काय करणार? तू पन्नाशी उलटल्यावर त्यांच्याशी लग्न करायचं ठरवलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "तू जन्मभर इंटरव्हलनंतरचेच सिनेमे बघितलेस, म्हणून तुला वाटतं सगळं शेवटी नीटच होतं." त्यावर तू म्हणालीस, "आणि तू इंटरव्हलच्या आधीचेच बघितलेस, म्हणून तुला कुठलीच गोष्ट पुढे जाऊ द्यायची नसते." दोघींनाही लागायचं तिथे लागलं. मी लग्नाला आले नाही, तू फोनवर येत नाहीस. झाली फिट्टंफाट. आता दुसरं काहीतरी बोलू.

परवा एक गिऱ्हाईक फ्रेम निवडत होतं. नवीन राहायला आलंय इकडे. समोरच्या थिएटरकडे बघून म्हणालं, "तुमची मजा आहे, रोज सिनेमा!" मी त्याला आपली पद्धत सांगितली. बाबांनी हे चष्म्याचं दुकान काढलं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की दुकानात कुणी ना कुणी असलंच पाहिजे. चष्मा मोडलेलं माणूस आपल्या दारात आलं आणि दार बंद असलं, तर ते घरी कसं जाणार? म्हणून आम्ही बहिणी एकाच तिकिटावर सिनेमा बघायचो. इंटरव्हलपर्यंत मी, इंटरव्हलनंतर तू. मी रस्ता ओलांडून परत यायची, काउंटरवरून तुला भराभर सांगायची कोण कुणाचा कोण, आणि तू पळायचीस. सिनेमा सुटल्यावर तू येऊन मला शेवट सांगायचीस. टॉर्चवाला दारातूनच म्हणायचा, "चला, पाळी बदला!" ते गिऱ्हाईक हसून हसून खुर्चीवरून पडायचं बाकी होतं. म्हणालं, "म्हणजे तुम्ही एकही सिनेमा पूर्ण बघितला नाही?"

मी म्हटलं, बघितला नाही कसा? माझी बहीण सांगायची ना. बाबा गेले त्या वर्षीचा तो दोन भावांचा सिनेमा, आठवतो? हरवलेला धाकटा शेवटी दारात येऊन उभा राहतो आणि थोरला हातातला दिवा खाली ठेवायचंही विसरतो. मी कुठे तो बघितला? तुझ्या तोंडून ऐकला, पण अजून डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे.

तू गेल्यापासून मी थिएटरची पायरी चढले नव्हते. आज चढले. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई हातशिलाई घेऊन दुकानात बसायला तयार झाली, पण इंटरव्हलपर्यंतच. नंतर तिची गिऱ्हाइकं येतात. मला काय, तेवढंच पाहिजे होतं.

सिनेमा खुनाचा. एक बाई खिडकीतून खून बघते, पण त्याच क्षणी तिचा चष्मा खाली पडलेला असतो, त्यामुळे खुनी कोण ते तिला धड दिसत नाही. कल्पना झकास. पण अगं, त्या नटीच्या डोळ्यांवर साधी काच! एवढा जाड नंबर असेल तर काचेतून गालाची कड आत सरकल्यासारखी दिसायला नको? हिचा गाल सरळच्या सरळ. इतके लोक कामाला लावले, त्यात कुणालाच चष्मा नव्हता का? मग मी खून सोडून काचच बघत बसले. सफरचंद खाणारा म्हातारा इन्स्पेक्टर मात्र आवडला. तो संशयिताला प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे चावत बसतो. असं गप्प बसता येणारे नट आता कमी राहिलेत.

इंटरव्हलला तिच्या नवऱ्याच्या कोटात तोच फुटका चष्मा सापडतो. मी उठले. टॉर्चवाल्याने विचारलं, "आवडला नाही का, बाई?" मी म्हटलं, "माझी पाळी संपली."

तुमच्याकडेही लागलाय, पेपरात बघितलं. तेव्हा इंटरव्हलनंतरचं तू बघ आणि कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर. खुनी कोण तेवढं लिही.

ताई

१९ फेब्रुवारी

बुटके,

खुनी अजून मोकाट आहे, आणि ती जबाबदारी तुझ्यावर आहे.

ठीक आहे. तुला खुनाचे सिनेमे आवडत नाहीत, हे मी विसरले. म्हणून या वेळी विनोदी बघून आले. एक नवरी, एक प्लंबर आणि नवऱ्या मुलाची आत्या लिफ्टमध्ये अडकतात. इंटरव्हलपर्यंत बाहेर पडतच नाहीत. त्या आत्याने धमाल केली आहे गं! लिफ्ट बंद पडल्या पडल्या ती पर्समधून छोटा आरसा काढून केस नीट करते आणि म्हणते, "सोडवायला कोण येईल सांगता येत नाही." मी एवढ्याने हसले की पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. त्याचा चष्मा नाकावरून घसरत होता, मी त्याला तिथेच सांगितलं, उद्या दुकानात या, नाकाच्या पट्ट्या बदलून देते.

तक्रार एकच. हल्ली सगळे सिनेमे अंधारात का काढतात? लिफ्टमधला दिवा गेला, हे समजलं. पण आधी लग्नघरातही असा उजेड, की नवरी कोण आणि करवली कोण ते कळू नये. आणि बोलायचं ते कुजबुजत. मग मागून संगीत असं आदळतं की खुर्ची हलते. मला वाटलं, माझेच कान गेले. शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "मलाही काही कळलं नाही, मी इतर हसले की हसते."

इंटरव्हलला नवरी प्लंबरला म्हणते, "दार उघडलं तरी मी लगेच बाहेर पडेन असं नाही." आता बोल! माझा जीव टांगणीला लागलाय. शिंपीणबाई खाली वाट बघत होती म्हणून उठावं लागलं.

तुला फोन केला होता. नुसता वाजत राहिला. दोनतीनदा केला. आता तुझ्या भोंग्यानेही अंघोळ सुरू केली की काय? की तू त्यांनाही माझ्याशी बोलायची बंदी केलीस? त्यांचा काय दोष? ते बिचारे निदान थाप तरी मारायचे.

एक फिरतीवरचा विक्रेता काच घेऊन आला होता. तुमच्या गावावरून येतो. म्हणाला, तुमच्या स्टँडवर आता माणूस नाही, रेकॉर्ड केलेला आवाज गाड्या पुकारतो, तो पण बाईचा. मग भोंगेराव घरी बसले म्हणायचे. दिवसभर स्वयंपाकघरात तुझ्या मागे मागे पुकारत असतील, कुकर फलाट क्रमांक दोनवर लागला आहे म्हणून. तुझी दया येते मला.

लिफ्टचं कळव.

ताई

५ मार्च

बुटके,

आज हसवायला काही नाही. आज जे बघितलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून दुकानात आल्या आल्या लिहायला बसले. शिंपीणबाई विचारत होती काय झालं, तिला म्हटलं, उद्या सांगते.

सिनेमा एका ट्रक ड्रायव्हरचा आणि त्याच्या बायकोचा. दोघं आपल्याच वयाची. त्यातही मला पहिल्यांदा आवडलं ते हे, की बायकोचं काम करणारी नटी खरोखर म्हातारी होत चाललेली आहे. तिच्या मानेवर सुरकुत्या आहेत आणि त्या तिने झाकल्या नाहीत. ती इस्त्रीचं दुकान चालवते. इस्त्री गरम झाली का ते बघायला बोट ओलं करून लावते ना, ते असं सहज करते की मला चटका बसला.

तो माणूस बडबड्या. गाडी चालवताना गातो, समोरच्या गाड्यांशी बोलतो, घरी आला की सगळ्या रस्त्याची हकीकत तिला सांगत बसतो. आणि ती अर्धा सिनेमा त्याला म्हणते, "गप्प बसा जरा!" कधी चिडून, कधी हसून, एकदा तर झोपेतच. मला तुझ्या भोंग्याची आठवण येऊन हसू येत होतं. आणि मग एका सकाळी त्याला झटका येतो. दवाखान्यात तो शुद्धीवर येतो, तिच्याकडे बघतो, तोंड उघडतो आणि आवाज निघत नाही. ती त्याच्या उशाशी बसलेली. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. अगं, थिएटरात एक माणूस हलला नाही. वेफर्सच्या पुड्यासुद्धा गप्प झाल्या.

हा दिग्दर्शक कोण, मला माहीत नाही. पण त्याला माणसं कळतात. ती रडत नाही. ती त्याचा हात चादरीबाहेर काढते, तर त्याचं एक बोट पलंगाच्या कडेवर हलतं. एवढंच. आणि इंटरव्हल.

खरं सांगू? उठवत नव्हतं. टॉर्चवाला दारात उभा होता, म्हणाला, "आज थांबा की." पण शिंपीणबाईला शब्द दिला होता.

माझा अंदाज सांगून ठेवते. हा माणूस शेवटपर्यंत बोलणार नाही. ज्याने ते बोट दाखवलं, तो त्याला असा फुकटात बोलायला लावणार नाही. तू काय म्हणतेस? तू उलटच म्हणशील म्हणा. पैज!

तुझा फोन बिघडलाय, दुरुस्त करून घे. परवा पलीकडून कुणीतरी उचलला, पण आवाजच नाही, नुसती खरखर आणि मध्ये घशात अडकल्यासारखं काहीतरी. मी ओरडून सांगितलं, "अहो, मोठ्याने बोला! स्टँडवर तर कान फाटेपर्यंत ओरडत होता!" तर फोन ठेवून दिला.

ताई

१६ मार्च

बुटके! बुटके! बुटके!

पोस्टमनने पाकीट काउंटरवर ठेवलं आणि तुझं अक्षर बघून माझ्या हातातली काच खाली पडली. फुटली. फुटू दे. समोर एक गृहस्थ नंबर तपासायला बसले होते, त्यांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा, माझ्या बहिणीचं पत्र आलंय. ते म्हणाले, वाचा वाचा, मला कुठे काय दिसतंय.

पत्राला ना सुरुवात, ना शेवट. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. थेट "इंटरव्हलनंतर:" म्हणून सुरू. काउंटरवर येऊन टेकायचीस आणि श्वास घ्यायच्या आधी सांगायला लागायचीस, अगदी तश्शी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि खाली ती एकच ओळ, "आम्ही मजेत. यांची दिवसभर बडबड चालू असते." बरं झालं, कळवलंस. माझा जीव भांड्यात पडला.

आता शेवटाबद्दल. पैज तू जिंकलीस, मी मान्य करते. तो बोलतो. पण बुटके, तू मला ओळखतेस, मी मनात ठेवणार नाही. हा शेवट मला अजिबात पटला नाही! इंटरव्हलपर्यंत सोन्यासारखा चाललेला सिनेमा, आणि मग एका सकाळी तो डोळे उघडतो, बायकोला नावाने हाक मारतो, धडाधडा बोलायला लागतो, उठतो, चालतो आणि ट्रक घेऊन निघतो? तिचं ते "बोला, आता कितीही बोला" ऐकायला छान आहे, पण असं होतं का कधी? त्या दिग्दर्शकाने ऐनवेळी माती खाल्ली. कुणीतरी त्याला घाबरवलं असणार, की प्रेक्षक रडत बाहेर पडले तर पुन्हा येणार नाहीत. ज्याने हा शेवट लिहिला त्याला माझ्यासमोर उभा करा, मी त्याला चांगली सुनावते.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रातली फार आवडली. ती चित्रांची कार्डं घेऊन येणारी बाई. कार्ड दाखवते आणि म्हणते, "हे काय? कप. म्हणा, कप." आणि तो एवढा मोठा माणूस कपाला काय म्हणायचं ते शोधत बसतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, आणि शेवटी चिडून कार्डच उलटं ठेवतो. आणि बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहते, त्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून. हे कुणी मनाने रचत नाही गं. हे त्याने कुठेतरी बघून घेतलंय. एवढं बघितलेल्या माणसाने शेवट असा का करावा, हेच मला कळत नाही.

असो. तू लिहिलंस, हे खरं. आता लिफ्टचं पण सांग. आणि खुनी कोण?

तुझी ताई

२१ मार्च

बुटके,

हे पत्र शांतपणे वाच. बसून वाच.

काल टॉर्चवाला चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला दुकानात आला होता. म्हणाला, "तो ट्रकचा सिनेमा आज उतरणार." मी म्हटलं, उतरू दे, शेवटी घाण केली त्याची. तो म्हणाला, "घाण? बाई, मी इतके खेळ बघितले तरी मला अजून रडवतो तो." मी म्हटलं, "रडायचं काय त्यात? तो बोलायला लागतो, ट्रक घेऊन जातो." त्याने विचारलं, "कोण बोलतो?"

मी म्हटलं, माझ्या बहिणीने लिहिलंय. मग तो हसला नाही, बुटके. त्याने चष्मा घातला, काढला, परत घातला. आणि म्हणाला, "धाकट्या बाईंनी होय? मग बरोबर आहे. त्या सिनेमा सुटला की आधी आमच्या नळावर तोंड धुवायच्या. चांगलं खसाखसा. मग पदराने पुसायच्या, आरशात बघायच्या आणि मग रस्ता ओलांडायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ताई दिवसभर दुकानात एकटी बसते, तिला कशाला रडका शेवट?"

मी त्याला दोन भावांच्या सिनेमाचं विचारलं. तो म्हणाला, "तो धाकटा? तो कुठे परत येतो, बाई?"

बाबा गेले त्या वर्षी मी रात्री डोळे मिटले की त्या दारात उभ्या राहिलेल्या धाकट्याला बघायची आणि मग मला झोप लागायची. तो सिनेमात नव्हताच. तो तू आणून दारात उभा केलास. माझ्यासाठी! मी तुला म्हटलं होतं ना, तुला वाटतं सगळं शेवटी नीटच होतं? आणि तू ते ऐकून घेतलंस. नळाचं एका शब्दाने बोलली नाहीस.

टॉर्चवाला म्हणाला, "शेवटचा खेळ चालू आहे, इंटरव्हल व्हायचाय. तुम्ही जा आत, मी बसतो दुकानात." मी तुझ्या पाळीला गेले, बुटके. पहिल्यांदा.

इंटरव्हलनंतरचं आता मी तुला सांगते. कारण तू तो बघितलेला नाहीस. इंटरव्हलनंतर त्यात दवाखाना एकदाही दिसत नाही. पहिल्याच दृश्यात ती त्याला घरी आणते. तिथे वॉर्ड नाही, खिडकी नाही, कार्डं दाखवणारी बाई नाही. मी अंधारात बसून त्या बाईची वाट बघत होते, आणि ती येत नाही म्हटल्यावर मला एकदम घाम फुटला. हे कुणी मनाने रचत नाही, असं मीच तुला लिहिलं होतं. मग तू ती बाई कुठे बघितलीस? कुणाच्या उशाशी उभं राहून? कुणाला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड केलंस?

म्हणशील, ताई सुतावरून स्वर्ग गाठते. गाठते. स्टँडवर रेकॉर्डचा आवाज. फोन उचलणारा माणूस नाही. आणि त्या दिवशी ज्याने उचलला, त्याला मी "मोठ्याने बोला" म्हणून ओरडले! देवा रे. खून झाला, लिफ्ट अडकली, तुला पत्ता नाही, आणि हाच एक सिनेमा वाचून तू लिहायला बसलीस. यांची दिवसभर बडबड चालू असते म्हणे! तो शेवट दिग्दर्शकाने नाही, तू लिहिलास. आणि मी त्यालाच नावं ठेवली. मनावर घेऊ नकोस गं. मला काय माहीत लेखिका कोण.

मला का नाही कळवलंस? ताई म्हणेल, "सांगितलं होतं ना" म्हणून? कदाचित म्हटलंही असतं. मग तू माझ्यावर ओरडली असतीस आणि मी भांडी घासायला लागले असते. एवढंच झालं असतं, बुटके.

आता खरा शेवट ऐक. तो बोलत नाही. माझी पैज बरोबर होती, पण जिंकल्याचा आनंद नाही झाला मला. ट्रक महिनोन्महिने दारात उभा, त्याच्यावर धूळ. एक दिवस ती इस्त्री बंद करते आणि किल्ली घेते. तिला येत नाही चालवायला. त्याला शेजारी बसवते. गाडी गचके खाते, बंद पडते, मागच्या गाड्या बोंबलतात. ती रडकुंडीला येते. आणि तो बोटाने समोरच्या पत्र्यावर टिचकी मारतो. टक. ती बघते. तो परत मारतो. टक. तिला कळतं, गिअर बदल. ती बदलते. गाडी चालायला लागते. पुढचा सगळा रस्ता तो टिचक्या मारत असतो, वळण आलं, हळू, आता जोरात. गाणं म्हणावं तसा. आणि शेवटी ती वैतागून म्हणते, "गप्प बसा जरा!" आणि दोघंही हसायला लागतात. संपला.

बुटके, तुझ्या शेवटापेक्षा हा कितीतरी चांगला आहे. हा शेवट धुवायची गरज नव्हती. मीही त्या नळावर गेले. तोटी अजून गळतेच आहे.

आज सकाळी मी फोन केला. बराच वेळ वाजला. उचलला, आणि तीच खरखर. मी या वेळी हळू बोलले. म्हटलं, "भोंगेराव, मी ताई. घाई नाही. हो असेल तर फोनवर एक टिचकी मारा."

वाट बघितली. एक टिचकी आली.

म्हटलं, "ती बाहेर गेली आहे का?" टक. "तुमची औषधं आणायला?" टक. "मी तिकडे आलेलं चालेल का?" टक. ही जरा लवकर आली. मग मी विचारलं, "ती माझ्यावर ओरडेल का?" टक. "फार?" टक टक टक टक. बाई गं, थांबेनातच! मी म्हटलं, "कळलं, कळलं! गप्प बसा जरा!" आणि पलीकडून जे ऐकू आलं ते हसणं होतं. हसण्याला आवाज आहे त्यांच्या, बुटके. तुझ्या लक्षात आलंय का? आवाज आहे तर शब्दही येतील एकेक करून. कपापासूनच सुरू करू. आणि माझ्याकडे काम आहे त्यांना. कार्डांवरची चित्रं नीट दिसतात का, ते कुणी तपासलंय? त्या वयात जवळचा नंबर बदलतो. मी तपासणीची पेटी घेऊन येते.

दुकान मी बंद करणार होते, पहिल्यांदाच. पाटीही लिहिली होती. टॉर्चवाल्याने ती काढून टाकली. म्हणाला, "सकाळी मी बसेन, खेळाच्या वेळी समोरून लक्ष ठेवीन. मला चष्मा करता येत नाही. पण चष्मा मोडलेलं कुणी आलं, तर हाताला धरून घरी सोडून येईन." बाबांना चाललं असतं ना हे? मला वाटतं, चाललं असतं.

पत्र आज टाकते, शनिवारच्या पहिल्या गाडीने निघते. स्टँडवर ती रेकॉर्डवाली बाई गाडी लागल्याचं पुकारेल, ते ऐकू आलं नाही तरी दार उघडं ठेव. काय ओरडायचं ते ओरड. अंघोळीला गेलीस तर मी बाहेर बसून राहीन.

आणि तोंड धुऊन दारात येऊ नकोस. जशी असशील तशी ये. या वेळी इंटरव्हलनंतरचं तू सांगायचं नाहीस, बुटके. मी स्वतः बघायला येतेय.

तुझीच,
ताई